तिकिटाआधीचा हिशेब

कुर्ला ते साकीनाका या पट्ट्यात काही गाळे असे आहेत, जिथे दिवसभर काम चालतं पण माल काहीच तयार होत नाही. गवंडी विटांचा एक कोपरा रचतो, ओळंबा लावून दाखवतो आणि थोड्या वेळाने तोच कोपरा पाडतात, कारण विटा पुढच्या माणसाला लागणार असतात. इलेक्ट्रिशियन फळीवर पॅनेल जोडतो. दिवा लागला की सगळ्या वायरी पुन्हा सुट्ट्या. वेल्डरांमध्ये ज्याला पाइपलाइनचं काम हवंय, त्याची परीक्षा सगळ्यात अवघड. तिला ‘सिक्स-जी’ म्हणतात. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका घट्ट बांधलेला. तो फिरवायचा नाही. आपणच वाकून, मान मुरडून, चारी बाजूंनी जोड भरत जायचा. मग तो जोड कापून नाहीतर एक्स-रेखाली धरून तपासतात. आत हवेचा एक बुडबुडा दिसला तरी माणूस बाद होऊ शकतो.

ही ट्रेड टेस्ट. टेबलामागे आखातातल्या कंपनीचा माणूस बसलेला असतो. त्याला सगळे ‘क्लायंट’ म्हणतात. खेड-म्हसळ्याहून किंवा गोरखपूर-सिवानहून आलेल्या वेल्डरचा जोड पाहून क्लायंटने मान डोलावली, की त्या घडीला त्या वेल्डरच्या हातात जेवढी ताकद असते तेवढी पुढची दोन वर्षं नसते. कंपनीला तो हवा असतो. पासपोर्ट त्याच्याच खिशात असतो. कर्ज अजून काढलेलं नसतं.

परदेशच्या नोकरीची चर्चा आपण तिथपासून सुरू करतो, जिथे विमान उतरतं: ऊन, लेबर कॅम्प, पासपोर्ट अडकवून ठेवणारा मालक. त्यातलं काहीच खोटं नाही. पण माणूस तिथे किती अडकणार, हे बहुतेक वेळा तो इथे असतानाच ठरून गेलेलं असतं. किती पैसे मोजले, ते कुणाकडून उचलले आणि कोणत्या कागदावर सही केली, या तीन गोष्टींत ते ठरतं. कफीलापेक्षा, म्हणजे तिकडच्या मालकापेक्षा, सावकार आधी येतो, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आता हे सगळं मुंबईतच का चालतं? कारण जुनं आहे, तेलाहूनही जुनं. इराणच्या आखातातला इंग्रजांचा कारभार १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली होता. तेल लागलं ते त्या कारभाराच्या अंगणात: इराणात १९०८ मध्ये, बहरीनला १९३२ मध्ये, कुवेतला आणि सौदीत १९३८ मध्ये. कंपन्यांना इंग्रजी येणारे कारकून, फिटर, मेकॅनिक, आचारी हवे होते, आणि ते मुंबई बंदरावर मिळत होते. अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हजारो हिंदी कामगार होते. १९२० साली त्यांनी पगारासाठी संपही केला. गोव्याची माणसं यात पुढे. धोबी तलावच्या जेर महालसारख्या इमारतींत गोव्यातल्या एकेका गावाची ‘कूड’ असे. कूड म्हणजे गावकऱ्यांनीच चालवलेली, नाममात्र भाड्याची राहण्याची जागा. बोटीची वाट पाहणारा तारवटी भिंतीशी पेटी लावून तिथे आठवडे काढी. नोकरीची खबर त्याला एजंटाच्या आधी कूडीतल्या शेजाऱ्याकडून कळायची. एजंटाची गरजच कमी होती, ही गोष्ट पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या काळात कुवेत, बहरीन, कतार, दुबई या सगळीकडे रुपयाच चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारातून भारताचं परकीय चलन गळू लागलं, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असे. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये आपापलं चलन आणलं. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, आणि कतार-दुबईनेही रुपयाला रामराम ठोकला. तोवर तिकडे मिळालेला रुपया इकडेही रुपयाच होता. त्यानंतर रियाल-दिरहम आणि रुपया यांच्यातलं अंतर वाढतच गेलं, आणि आखाती नोकरीची सारी ओढ त्या अंतरात आहे.

जाण्यायेण्याला ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी होत्या. त्यातली ‘दारा’ ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि २३८ माणसं गेली. ‘द्वारका’ मात्र १९८२ पर्यंत मुंबई–कराची–आखात अशा खेपा करत राहिली. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव चौपट झाले, तिकडे शहरंच्या शहरं उभी राहू लागली, आणि कारकुनांच्या जागी गवंडी, सुतार, ड्रायव्हर यांची मागणी आली. इकडे मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तो गिरण्यांना मोडून गेला. ज्या कोकणात चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर घरं चालत, तिथल्या किती तरी घरांत मुंबईच्या पाकिटाची जागा दुबईच्या, जेद्दाच्या, कुवेतच्या पैशाने घेतली. दापोली, खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतून हिंडताना तो पैसा चिऱ्याच्या भिंतींऐवजी सिमेंटच्या दुमजली घरांत उभा दिसतो. बरीचशी घरं बंद असतात, हा भाग वेगळा.

मागणी अशी एकदम वाढली आणि कूडीतल्या शेजाऱ्याची जागा एजंटाने घेतली. त्याला आवर घालायला सरकारकडे होता १९२२ चा कायदा. तो मळ्यांवर मजूर पाठवण्याच्या काळातला. रत्नागिरी-साताऱ्याचे लोक मॉरिशसला उसात राबायला गेले त्या गिरमिटाच्या, म्हणजे करारबद्ध मजुरीच्या, आठवणी ताज्या असतानाचा. दुबईत लिफ्ट बसवायला निघालेल्या माणसाला तो काय पुरणार? म्हणून १९८३ चा उत्प्रवास कायदा आला. त्याचा गाभा दोन गोष्टींत आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायची तर परवाना हवा. आणि कमी शिकलेल्या माणसाने ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर निघण्याआधी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी हवी. मुंबईचं हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे.

ही मंजुरी कुणाला लागते ते पासपोर्टवरच ठरलेलं असतं. ‘ईसीआर’ अशी नोंद असेल तर लागते. आखातातले सहाही देश, शिवाय मलेशिया, जॉर्डन, इराक, लिबिया वगैरे धरून मंजुरी लागणारे १८ देश आहेत. दहावी पास झालात की नोंद जाते. प्राप्तिकर भरणाऱ्याला, पन्नाशी उलटलेल्याला, तीन वर्षं परदेशात काढून आलेल्यालाही ती लागू नाही. जानेवारी २०१८ मध्ये अशा पासपोर्टांना नारिंगी मुखपृष्ठ द्यायची टूम सरकारने काढली होती. कमी शिकलेल्याला विमानतळावर दुरूनच ओळखता यावं, असा तो प्रकार. ओरड झाली आणि महिना संपायच्या आत बेत गुंडाळला गेला. बरं झालं.

मंजुरीच्या वाटेवर तीन उपयोगाच्या गोष्टी आपोआप घडतात. परदेशी मालकाला ‘ई-मायग्रेट’ या सरकारी यंत्रणेत नाव नोंदवून मागणीपत्र आणि पगाराच्या अटी टाकाव्या लागतात. कामगाराचा प्रवासी भारतीय बीमा योजनेत विमा उतरतो: अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये, आणि हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. आणि करार एका भारतीय कार्यालयाच्या नोंदीत राहतो, म्हणजे पुढे दूतावासाकडे तक्रार करायची वेळ आली तर दाखवायला काहीतरी असतं.

आता यातली गंमत पाहा. दहावीला पस्तीस टक्के मिळवून सुटलेला एकोणीस वर्षांचा मुलगा या साऱ्याच्या बाहेर. त्याला मंजुरी लागत नाही, म्हणून त्याचा करार कुणी बघत नाही, विमा सक्तीचा नाही. तो हवं तर तेवढ्याच पैशांत विमा उतरवू शकतो, पण कुणी सांगत नाही म्हणून उतरवत नाही. कोकणात आता दहावी न झालेला तरुण सापडणं कठीण. म्हणजे शाळा वाढल्या तशी या कायद्याची छत्री आकसत गेली. सरकारला वाटतं, दहावी झालेल्याला स्वतःचं भलं कळतं. मी दहावी झालेल्या पुष्कळ लोकांना ओळखतो. मला तसं वाटत नाही.

बायकांच्या बाबतीत उलटा खेळ. ईसीआर पासपोर्टवर तीस वर्षांखालच्या स्त्रीला या देशांत नोकरीसाठी जाताच येत नाही. हेतू चांगला. पण गरज असलेली पंचविशीची बाई थांबत नाही. ती व्हिजिट व्हिसावर जाते, म्हणजे कागदोपत्री पाहुणी म्हणून. मग घरकामाला जुंपल्यावर तिच्यासाठी कुठल्याच सरकारी वहीत कुठलाच करार नसतो. पुरुषांनाही हीच पळवाट दाखवली जाते: “आधी व्हिजिटवर चल, तिकडे पोचल्यावर व्हिसा बदलून देतो.” हे वाक्य एजंटाच्या तोंडून आलं, की उठून चहा प्यायला बाहेर जावं आणि परत आत येऊ नये.

आता पैशाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. नियमाप्रमाणे परवानाधारक एजंटाने कामगाराकडून करारातल्या ४५ दिवसांच्या पगाराइतकं सेवाशुल्क घ्यायचं, जास्तीत जास्त ३०,००० रुपये, वर जीएसटी. पावती द्यायची. १८ टक्के जीएसटी धरला तर ३५,४०० रुपयांवर एक पैसाही जाता कामा नये. प्रत्यक्षात गावच्या माणसाची गाठ परवानाधारकाशी पडतच नाही. त्याला भेटतो तो सब-एजंट: बाजारपेठेतला मोबाइलवाला, ट्रॅव्हल्सचं तिकीट काढणारा, किंवा नुकताच सुट्टीवर आलेला कुणाचा तरी मेव्हणा. तो पुढच्याकडे पाठवतो, पुढचा मुंबईतल्या ऑफिसात नेतो, आणि प्रत्येक पायरीवर आकडा वाढतो. मुंबईतल्या ऑफिसलाही बऱ्याचदा तिकडच्या कंपनीतल्या भरतीवाल्या साहेबाला मागणीपत्रासाठी पैसे चारावे लागतात. जी भरती मालकाने पैसे देऊन करायची, तिच्यासाठी कामगार पैसे देतो. लाख-दीड लाख ही रक्कम मग कुणाला फारशी खटकतही नाही.

समजा आपल्या वेल्डरच्या मदतनिसाला सौदीत महिना १,००० रियाल पगार ठरला. रियाल २२ रुपयांना धरू, म्हणजे २२,०००. त्याने एजंटाला एक लाख दिले, ते शेकडा तीनने उचलून. शेकडा तीन महिन्याला, वर्षाला नव्हे. जेवण स्वतःचं असेल तर ३०० रियाल म्हणजे ६,६०० रुपये गेले. मोबाइल, साबण, केस कापणं, कधी कुणाला उसने, यात आणखी दोन-अडीच हजार. घरी पाठवतो १३,०००. घरखर्चाला ७,००० लागतात असं धरलं, तर कर्जाकडे वळतात महिना ६,०००. पहिल्या महिन्यात त्यातले ३,००० नुसतं व्याजच खातं. हा हिशेब पुढे नेला तर कर्ज फिटायला २३-२४ महिने लागतात आणि एक लाखाचे सुमारे एक लाख चाळीस हजार होतात.

त्याचा करार असतो दोन वर्षांचा. म्हणजे पहिला करार संपतो तेव्हा तो शून्यावर आलेला असतो. बहीण उजवायची राहिली, स्लॅब टाकायचा राहिला. म्हणून तो पुन्हा जातो. खरी कमाई दुसऱ्या करारापासून सुरू होते. तोच हिशेब नियमातल्या ३५,४०० रुपयांनी केला तर कर्ज सातव्या महिन्यात फिटतं, आणि उरलेले सतरा महिने पैसा घरचा. या दोन आकड्यांच्या मधली दीड वर्षं ज्या कुणी खाल्ली, त्याला कायदा काय शिक्षा सांगतो? कलम २४ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड. दोन हजार. १९८३ मध्ये ती रक्कम असेलही मोठी.

कर्जाचा दुसरा परिणाम हिशेबात दिसत नाही. तिकडे उतरल्यावर तिसऱ्या दिवशी नवा कागद पुढे येतो: “एक हजार नाही, आठशे. सही कर नाहीतर परत जा.” करार बदलण्याची ही खोड इतकी जुनी आहे की तिकडे गेलेल्या कुणालाही त्याचं नवल वाटत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, तो म्हणू शकतो, जातो परत. ज्याची बायको दागिने सोसायटीत गहाण टाकून आली आहे, तो सही करतो. त्याला बांधायला कफीलाने पासपोर्ट काढून घेण्याची गरज उरत नाही.

कफाला पद्धतीत परदेशी कामगाराचा राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. मालक सोडला तर राहणंच बेकायदा. गेल्या काही वर्षांत या पद्धतीला बरीच भोकं पाडली गेली आहेत, ते मान्य केलं पाहिजे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ना-हरकतीची अट काढली आणि सगळ्यांसाठी किमान वेतन ठरवलं: १,००० रियाल, शिवाय राहण्याची सोय नसेल तर ५०० आणि जेवण नसेल तर ३००. सौदीने मार्च २०२१ पासून ठरावीक अटींवर नोकरी बदलण्याची आणि मालकाला न विचारता देशाबाहेर जाण्याची मुभा दिली. यूएईत पगार बँकेतूनच द्यायची पद्धत २००९ पासून आहे.

पण सौदीच्या या सुधारणेतून घरगुती नोकर वगळलेले होते: मोलकरीण, घरचा ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ. आणि इथे व्हिसाच्या कागदावरचं अरबी वाचता येणं महत्त्वाचं ठरतं. त्यावर पेशा लिहिलेला असतो. ‘सायक खास’ म्हणजे घरचा ड्रायव्हर. ‘आमिल मंझिली’ म्हणजे घरगडी. नुसतं ‘आमिल’ म्हणजे साधा मजूर. मुंबईत एजंटाने “कंपनीत इलेक्ट्रिशियन” सांगितलं आणि कागदावर ‘सायक खास’ निघालं, तर तो माणूस सौदीच्या कामगार कायद्याबाहेर गेला. मग तो खरोखर वायरी जोडत असला तरी कामगार न्यायालयाच्या लेखी तो कुणाच्या तरी घरची गाडी चालवतो. अरबी येत नाही ही सबब नको. मोहल्ल्यातले मौलवी, मदरशात शिकलेला एखादा मुलगा, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा, कुणीही दोन मिनिटांत वाचून देईल. तिकीट निघायच्या आधी वाचून घ्यावं, एवढंच.

याच पेशांच्या नावावर ‘आझाद व्हिसा’ विकला जातो. अशी कुठलीही जात व्हिसांमध्ये नाही. एखादा सौदी माणूस घरच्या ड्रायव्हरचा व्हिसा काढतो, तो दलालामार्फत विकतो, आणि येणाऱ्याला सांगतो: हवं तिथे काम कर, दर वर्षी इकाम्याचे पैसे मला आणून दे. कामाला लागल्यावर चार पैसे जास्त मिळतात हे खरं आहे, आणि त्यामुळेच कोकणातल्या, हैदराबादेतल्या माणसांना त्याचं आकर्षण. यावर तिकडे वीस-वीस वर्षं काढलेले लोक मी पाहिलेत. पण कफीलाचं डोकं फिरलं, किंवा तो मेला आणि त्याच्या पोरांनी जास्त पैसे मागितले, तर तो ‘हुरूब’ नोंदवतो, म्हणजे कामगार पळाला अशी तक्रार. त्या दिवसापासून माणूस बेकायदा. २०१३ मध्ये सौदी सरकारने आपल्या तरुणांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून अशा लोकांची झाडाझडती सुरू केली आणि कागद नीट करा नाहीतर जा, अशी मुदत दिली. त्या काही महिन्यांत लाखाहून अधिक भारतीय परतले. त्यांत आझाद व्हिसावाले किती, हे कोकणातल्या कुठल्याही तिठ्यावर विचारलं तर लोक बोटं मोजायला लागतील.

सरळ कंपनीच्या नोकरीचा कागद हातात आला तरी तो दोनदा वाचायला हवा. ऑफर लेटर एका पानाचं असतं. वर पेशा, मग ‘बेसिक’, मग ‘फूड’, मग ‘ड्युटी ८ तास अधिक ओटी’, शेवटी ‘रूम, ट्रान्सपोर्ट, मेडिकल कंपनीकडून’. मुलाखतीहून आलेला माणूस एकच आकडा सांगतो: “सगळं मिळून पंधराशे दिरहम.” हे ‘सगळं मिळून’ धोक्याचं. ओव्हरटाइमचा दर बेसिकवर निघतो. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटीही यूएईत बेसिकवरच निघते: पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक, पुढच्या दर वर्षामागे ३० दिवसांचा. पाच वर्षं काम केलं तर १०५ दिवसांचे पैसे झाले. बेसिक १,५०० असेल तर ५,२५० दिरहम. तोच पगार ८०० बेसिक अधिक ७०० भत्ते असा फोडून लिहिला असेल तर २,८००. महिन्याला हातात येणारी रक्कम एकच, पण शेवटी अडीच हजार दिरहमांचा फरक. कंपनीचा हिशेबनीस हे पहिल्या दिवसापासून जाणतो. कामगाराला ते पाचव्या वर्षी कळतं.

‘रूम फ्री’ या दोन शब्दांवरही थांबावं. १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतमध्ये मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली, ४५ भारतीय मेले. एका इमारतीत किती माणसं कोंबली आहेत, जिना एकच आहे का, हे मुंबईत बसून ऑफर लेटरवरून कळणार नाही. त्या कंपनीत आधीपासून असलेल्या माणसाला फोन लावला तर कळतं. फोन पगाराबद्दल विचारायला लावतात आणि खोलीबद्दल विचारायचं राहून जातं.

मेडिकलबद्दल थोडक्यात: आखातासाठी ठरवून दिलेल्या केंद्रांतच ती करावी लागते, आणि फुफ्फुसावर जुन्या क्षयाचा बरा झालेला डाग दिसला तरी ‘अनफिट’चा शेरा बसू शकतो. म्हणून लहानपणी टीबी होऊन गेलेल्याने आधी आपल्या डॉक्टरकडे साधा एक्स-रे काढून घ्यावा आणि मगच एजंटाला ॲडव्हान्स द्यावा. उलट क्रमाने गेलेल्यांचे पैसे परत मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एजंटाचा परवाना खरा की खोटा हे पाहायला कुणाची ओळख लागत नाही. जाहिरातीवर परवाना क्रमांक छापलेला असतो. तो ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की रद्द, दोन्ही दिसतं. क्रमांक नसलेली जाहिरात असेल तर शोधायचे कष्टही वाचले. एवढं तपासलं तरी सब-एजंटाचा लोचा उरतोच, कारण पैसे घेतो तो, आणि पावती देतो (दिलीच तर) ते ऑफिस. पैसे ऑफिसच्या बँक खात्यात भरायचा हट्ट धरला की आकडा खाली येतो, असा अनेकांचा अनुभव आहे. काही ऑफिसं त्याच क्षणी म्हणतात, मग दुसरीकडे बघ. ट्रेड टेस्ट पास झालेल्या सिक्स-जी वेल्डरला दुसरीकडे बघणं परवडतं. मदतनिसाला तेवढं नाही, हेही खरं.

आणि शेवटचा कागद, ज्याची आठवण सगळ्यात उशिरा होते. ‘फायनल एक्झिट’ लागलं की माणसाला घरचे वेध लागतात. दोन महिन्यांचा पगार राहिलाय, ग्रॅच्युइटी राहिलीय, कंपनी म्हणते खात्यात टाकू, आणि तो विमानात बसतो. सौदीत नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो, आणि मंडणगडहून रियाधच्या कामगार न्यायालयात तारखेला उभं राहता येत नाही. म्हणून निघायच्या आधी तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन वकीलपत्र द्यायचं, पगाराच्या बँक नोंदी, करार, इकामा यांचे फोटो घरच्या मोबाइलवर पाठवून ठेवायचे, आणि तक्रार ‘मदद’ या परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर टाकायची. हे सगळं विमानतळावर जायच्या आठवड्यात करायचं काम नाही. नोटीस दिली त्या दिवशी सुरू करायचं. वकीलपत्र दिलेलं असेल तर खटला मागे चालू राहू शकतो आणि पैसे उशिरा का होईना दूतावासामार्फत येऊ शकतात. दिलेलं नसेल तर कंपनीच्या शब्दावर बसून राहावं लागतं.